रॅकवरचं विरजण

योम किप्पूर, सप्टेंबर २००२

प्रिय फ्लोरामावशी,

आधी मंडळींची खुशाली सांगते, कारण बाकी काही वाचण्याआधी तू तेच शोधणार. मंडळी ठीक आहेत. खालच्या रॅकवर खाऱ्या पाण्यातली दोन-तीन जणं तांबूस व्हायला लागली होती, त्यांना ताजं पाणी देऊन दिव्यापासून लांब सरकवलं आहे. एसी कुरकुरतोय, पण चालू आहे. सकाळी सगळे फ्लास्क तू फिरवायचीस तसे हातात धरून फिरवले, तर दोघांच्या कापसाच्या बुचांना पाणी लागलं आणि ती बदलावी लागली. तू असतीस तर म्हणाली असतीस, हळू गं, ताक नाही घुसळत आपण. शेवाळाच्या शेकडो नळ्यांना 'मंडळी' म्हणणारी तू एकटीच होतीस आणि आता मीही म्हणायला लागले आहे. परवा एका नव्या विद्यार्थ्यासमोर मराठीतच बोलून गेले, तो बघतच राहिला.

आज तुमचा मोठा उपास, बाहेर एकही गाडी नाही. मुलं मोठ्या रस्त्यावर मधोमध सायकली चालवताहेत. सगळं गाव उपाशी आहे आणि मी खोलीचे पडदे ओढून, चोरून खावा तसा उपमा खाल्ला. मला कोणी काही म्हणणार नव्हतं, मी कुठे यहुदी आहे, पण अर्धा तसाच टाकला. मग इथे प्रयोगशाळेत आले. पहारेकऱ्याने ओळखपत्र पाहिलं, हसला आणि आत सोडलं. तुझ्याच खुर्चीत बसून हे लिहिते आहे. खुर्ची अजून तुझ्याच उंचीला आहे, माझे पाय टेकत नाहीत, आणि ती खाली करायचं धाडस मला होत नाही. हाताने मराठी लिहून कितीतरी वर्षं झाली, अक्षर बघून हसू नकोस. इंग्रजीत टाइप करून तुला वाचून दाखवायला तुझ्या लेकाच्या, नोआमच्या हाती दिलं असतं तर सोपं गेलं असतं, पण हे नोआमने वाचायचं नाही. हे फक्त तू वाचायचं.

काल दुपारी उपास सुरू व्हायच्या आधी तुझा फोन आला. तू बोललीस आणि मी जे बोलले, ते ऐकून मला माझीच लाज वाटली. फोन ठेवल्यापासून मी एकच गोष्ट तोंडात घोळवते आहे. बोलून होणार नाही हे कळलं, म्हणून लिहायला बसले. लगेच मुद्द्यावर यायला हवं, पण मला थोडं फिरून येऊ दे. तुला सवय आहे माझी.

मी इथे आले त्या पहिल्या दिवशी ऑफिसातल्या बाईशी मी कुठल्याशा हिब्रू फॉर्मवरून हुज्जत घालत होते. ती माझ्या इंग्रजीला कंटाळली होती आणि मी तिच्या. वैतागून मी मराठीत पुटपुटले, ''बाई, तुझ्या पाया पडते, सोड मला.'' आणि मागून नळ्यांचा ट्रे घेऊन जाणारी तू थांबलीस. ''कुठची गं तू?'' मी वळले तर सोनेरी चष्मा, पांढरा कोट आणि पायात सपाता. मिरजेची म्हटलं. ''मिरज म्हणजे तंबोरे!'' म्हणालीस आणि ट्रे माझ्याच हातात देऊन त्या बाईशी हिब्रूत अशी काही भांडलीस की माझं काम चुटकीसरशी झालं. मग सांगितलंस, मी नागावची यहुदी, पण वाढले माझगावात, इथे आले तेव्हा तुझ्याहून लहान होते. तुझं मराठी ऐकून मला माझ्या आजीच्या वयाच्या बायका आठवल्या. तू 'इस्पितळ' म्हणायचीस, 'टेशन' म्हणायचीस, आवडलं की 'फर्स्ट क्लास' म्हणायचीस. परक्या देशात त्या दिवशी मला पहिल्यांदा भूक लागली.

मी आले होते तुझ्या मंडळींना गोठवायला. नळीत सतत वाढवत ठेवायचं, दर काही आठवड्यांनी प्रत्येकातला थेंब नव्या नळीत घालायचा, हा जुना रिवाज. त्याऐवजी छोट्या कुप्यांत भरून द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं झोपवून ठेवायचं, हे माझं काम. मला वाटलं होतं, तू मला सवत मानशील. तू एवढंच विचारलंस, ''उठतील ना गं नक्की?'' बहुतेक उठतील, म्हटलं. मग तू रॅकवरून एकेक नळी काढून मला देऊ लागलीस आणि प्रत्येकीची कुळकथा सांगू लागलीस. कोण कुठल्या डबक्यातनं आलं, कुणाला कुठल्या प्रोफेसरने आणलं, कोण नाजूक, कोण आडदांड. त्यातल्या अर्ध्या गोष्टी तू रंगवून सांगत होतीस हे मला कळत होतं. तू काही फार टापटिपीची होतीस असंही नाही. बर्नर पेटता ठेवून फोनवर अश्केलोनच्या बहिणीशी गप्पा मारायचीस. चिठ्ठ्यांवर निम्मं हिब्रू, निम्मे मराठी आकडे. त्स्वी डोक्याला हात लावायचा. प्रोफेसर असला तरी तुझ्यासमोर त्याचं काही चालत नसे. पण तू सुट्टीवर गेलीस की खोली सुनी व्हायची, हेही तोच बोलून दाखवायचा.

आणि शुक्रवार. तुझ्या किर्यात गातच्या बसस्टँडवर पिशवी तपासून बाहेर पडायचं, औषधाच्या दुकानाशेजारून आत वळायचं, तिसऱ्या मजल्यापर्यंत खोबऱ्याच्या कालवणाचा वास. नोआम दार उघडायचा. तू मराठीत विचारायचीस, तो हिब्रूत उत्तर द्यायचा, आणि तुमचं भांडण असं दोन भाषांत अगदी सुरळीत चालायचं. मेणबत्त्या लावताना तू डोळ्यांवर हात घ्यायचीस आणि मग माझ्याही डोक्यावरून फिरवायचीस. माझी आई तिकडे फोनवर विचारायची, तुला तिथे कोण आहे? मी सांगायचे, मावशी आहे. आईला वाटायचं मी तिला बरं वाटावं म्हणून सांगते. खरं सांगते मावशी, दीड वर्षात मला परकेपण म्हणून जे काही वाटलं ते शनिवार ते गुरुवार.

याच वर्षीच्या वसंतातली गोष्ट. तुमचा पेसाखचा सण होऊन गेला होता. मी तुझ्याकडे विरजण मागितलं, कारण इथल्या दुकानातल्या दह्याने माझं दही लागत नव्हतं. तू वाटीत काढून देता देता म्हणालीस, तुझ्याही घरचं विरजण एकदा मेलं होतं, युद्धात. आणि हसत हसत म्हणालीस, घरचंच नाही, तिकडचं रॅकवरचंही. मग तू ती गोष्ट सांगितलीस. इराकची क्षेपणास्त्रं पडत होती ते एक्क्याण्णव सालचे दिवस. युनिव्हर्सिटी बंद, लोक खिडक्यांना प्लॅस्टिक चिकटवून घरात बसलेले. तू मात्र गॅस मास्कचा खोका खांद्याला अडकवून बसने कामावर पोचलीस, तर खोलीची वीज कधीतरी गेलेली, दिवे विझलेले, आतमध्ये गारठा. बरीचशी मंडळी तग धरून होती. काही नळ्या मात्र पांढऱ्या पडल्या होत्या. जोडीची राखीव नळी दुसरीकडे ठेवायची पद्धत तेव्हा नव्हती, त्यामुळे त्यांच्या जोड्याही तिथेच, तशाच पांढऱ्या. तू वाट बघितलीस, ताजं पाणी दिलंस, उन्हाला ठेवलंस. एकही हिरवी होईना. तेव्हा तू केलंस ते कुठल्याही मराठी घरातली बाई करील. आपलं विरजण मेलं की शेजारणीकडून आणायचं. शेजारच्या नळीतला थेंब घेतलास, तसेच गोल, तसेच हिरवे दाणे, सूक्ष्मदर्शकातून ओळखू येणार नाही इतके सारखे, आणि रिकाम्या नळ्यांत घातलास. चिठ्ठ्या जुन्याच ठेवल्यास. ''आठवड्यात सगळी हिरवीगार. दही शेजारणीचं असलं तरी आपल्या भांड्यात लागलं की आपलंच ना गं?'' असं म्हणून वाटी माझ्या हातात ठेवलीस.

मी हसले. मावशी, हे मला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, की मी हसले. दिसायला सारखे हिरवे दाणे आतून किती वेगळे असतात हेच शिकण्यात माझी सगळी वर्षं गेली आहेत. एकशे चौदा नंबर त्या नळ्यांत आहे हे मी तुला विचारून घेतलं. मृत समुद्राकाठच्या कुठल्याशा झऱ्यातून आणलेली ती, तो झराही आता आटला. म्हणजे ती जात गेली, कायमची, आणि तिच्या नावावर दुसरीच कुणीतरी नांदते आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर शाकेद चार वर्षं तिच्यावर पीएच.डी. करते आहे आणि तिचे आकडे जुळत नाहीत म्हणून तिचा हात कच्चा आहे असं सगळे म्हणतात. हे सगळं मला त्या क्षणी कळलं. आणि मी हसून म्हटलं, काय तू पण मावशी, आणि अजून थोडा भात घेतला.

तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. हात पुसायला लावून, खुर्चीवर बसवून सांगायला हवं होतं, की मावशी, हे दही नाही, तू रविवारी त्स्वीकडे जा आणि स्वतः सांग, मी तुझ्याबरोबर येते. तू गेली असतीस. रडली असतीस, मला चार शिव्या दिल्या असत्यास, पण गेली असतीस. तुला जे ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं आणि मी ते तुझ्यापासून लपवून ठेवलं. का, ते मी स्वतःला बरेच दिवस वेगवेगळं सांगून पाहिलं. तुला दुखवायचं नव्हतं, तुझी निवृत्ती जवळ आली होती, मी पाहुणी आहे, माझं काय काम. खरं कारण फार लहान आहे. माझे शुक्रवार गेले असते. मला तुझ्या घरचा तो एक दिवस हवा होता, म्हणून मी मूग गिळून बसले. त्या वाटीतल्या विरजणाने रोज दही लावत होते आणि रोज शाकेदला गुड मॉर्निंग म्हणत होते.

मग उन्हाळ्यात काय झालं ते तुला त्स्वीने सांगितलं आहे, निम्मं. गोठवलेली मंडळी उठल्यावर तीच आहेत ना याची खात्री करायला आम्ही त्यांच्या जनुकांची तपासणी करून घेतली. पाच नळ्यांचं उत्तर अगदी एकसारखं आलं. पाच वेगळी नावं आणि आत एकच. त्स्वीने मला खोलीत बोलावलं. तो चिडला नव्हता, थकला होता. त्याने विचारलं, गोठवण्याच्या दिवशी तुझ्या हातून नळ्यांची सरमिसळ झाली का? झाली असेल तर सांग, होतं असं. माझ्या मुदतवाढीचा कागद त्याच्या टेबलावरच होता, सही व्हायचा राहिलेला.

तुला त्याने सांगितलं की यंत्राने पकडलं. यंत्राने एवढंच सांगितलं होतं की पाचही सारख्या आहेत. कोणी केलं, कधी केलं, कसं केलं, हे कुठल्या यंत्राला कळणार? ते मी सांगितलं, मावशी. त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी म्हणाले, मी नाही, फ्लोराने. नंतर सगळी गोष्ट सांगितली. युद्ध, वीज, पांढऱ्या नळ्या, शेजारची नळी. तू स्वयंपाकघरात, माझ्यावर विश्वास टाकून, आपल्या भाषेत सांगितलेली गोष्ट मी त्याच्या ऑफिसात इंग्रजीत सांगितली आणि ती सांगता सांगता एखाद्या गुन्ह्याच्या जबानीसारखी झाली. विरजणाचं मी सांगितलंच नाही. ते सांगितलं असतं तर त्याला निदान कळलं असतं की तू फसवलं नाहीस, तुला ते फसवणं वाटलंच नाही. मला ते सुचलं होतं. पण त्याने तुझी बाजू उजळली असती आणि मग तो पुन्हा माझ्याकडे बघेल की काय, अशी भीती वाटली. आणि वर मी त्याला विनंती केली की माझं नाव घेऊ नकोस. तो भला माणूस, त्याला वाटलं मला तुझी माया आहे म्हणून म्हणते. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते काय, हे मला त्या दिवशी कळलं.

लोकांना मी सांगते की शाकेदसाठी हे बाहेर येणं गरजेचं होतं. ते बरोबरच आहे. तिच्यावरचा ठपका गेला, तिला आणखी दोन वर्षं मिळाली, जगात जिथे जिथे त्या पाच नळ्या पाठवल्या होत्या तिथे पत्रं जात आहेत. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पण त्स्वीच्या खोलीत शाकेद माझ्या मनात नव्हती. ती मला जिना उतरताना आठवली, मग मी तिला घट्ट धरून ठेवली, कारण तिच्या आडोशाला उभं राहता येत होतं. तू तिच्यासाठी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आलीस तो दिवस मी विसरणार नाही. तू तिला तोडक्या शब्दांत सांगत होतीस की मला माहीत नव्हतं गं, मला हिरवं ते हिरवं वाटलं. तिने डबा घेतला नाही. ती म्हणाली, चार वर्षं, फ्लोरा, चार वर्षं, आणि बाहेर निघून गेली. तू डबा माझ्या टेबलावर ठेवलास. म्हणालीस, ''तू खा, तू तरी माझ्यावर रागावली नाहीस.'' मी त्यातली एक पोळी तुझ्यासमोर बसून खाल्ली. चव आठवत नाही.

त्यानंतरच्या दिवसांत मी तुला सांगेन सांगेन म्हणत होते. तू कपाट रिकामं करत होतीस तेव्हा मी खोके धरले. निरोपसमारंभ झाला नाही, कोणी केक आणला नाही, तेव्हा मी तुला बसपर्यंत पोचवलं आणि तू वाटेत म्हणालीस, यंत्राशी काय भांडायचं बाई, त्याला कुठे आपली ओळख आहे. मी मान डोलावली. ओळख असलेली बाई तुझी पिशवी घेऊन तुझ्याशेजारून चालत होती. मी स्वतःला म्हणत होते, आता सांगून काय उपयोग, झालं ते झालं, उगाच तिचं मन आणखी मोडेल. असली दयाळू कारणं माझ्याजवळ भरपूर असतात.

आणि काल तुझा फोन. तू म्हणालीस, आज आमच्याकडे एकमेकांची माफी मागायचा रिवाज आहे. देवाशी चुकलं असेल तर उद्या उपास करून देव माफ करतो, पण माणसाशी चुकलं असेल तर त्या माणसाकडेच जावं लागतं, तिथे देव मध्ये पडत नाही. म्हणून तू यादीत आधी शाकेदला फोन केलास, तिने उचलला आणि 'सोलाखत' म्हणाली, म्हणजे माफ करते म्हणाली, आणि तू तिथे थोडी रडलीस. मग मला केलास. म्हणालीस, ''माझ्यामुळे तुझं दीड वर्षाचं काम नासलं, त्स्वीने तुझ्यावर आळ घेतला असेल, तुला किती बोलणी बसली असतील, आणि तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. मला माफ कर पोरी.'' मला वाटलं, आता. आता बोल. मी श्वास घेतला आणि म्हटलं, ''माफ केलं मावशी.''

मी तुला माफ केलं! कोणी कोणाला! तू 'देव तुला सुखी ठेवो' म्हणालीस आणि फोन ठेवलास, कारण तुला सूर्य मावळायच्या आत जेवून घ्यायचं होतं. तुझ्याशी खोटं बोलायची मला सवय झाली होती, पण तुझ्या सगळ्यात पवित्र दिवसाच्या उंबऱ्यावर मी तुझी माफी लुबाडली आणि वर उदारपणा दाखवला. काल संध्याकाळपासून तू उपाशी आहेस, पाण्याचा थेंब नाही, तुमच्या प्रार्थनाघरात उभी राहून छातीवर मूठ आपटून स्वतःच्या चुका मोजत असशील. त्यात एक माझी आहे आणि तिचं ओझं तू वाहते आहेस. हे मला सहन होत नाही.

आता हे का लिहिलं ते सांगते, कारण नुसतं मन हलकं करायला लिहिलं असेल तर तेही स्वतःसाठीच झालं. गुरुवारी त्स्वीने मला बोलावून तुझ्या जागेचं विचारलं. मंडळींची देखरेख आता कायमची मी करावी, पगार तुझा, खोली तुझी. मला वाटलं त्याला माझं काम आवडलं. तो म्हणाला, हे माझं डोकं नाही, किल्ली ठेवताना फ्लोराने एकच गोष्ट मागितली, की माझ्या जागी अश्लेषाला घ्या, ती मंडळींना कधी टाकणार नाही. मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. मला ही जागा हवी आहे मावशी, फार हवी आहे, तेही लपवत नाही. पण तू ती ज्या मुलीसाठी मागितलीस ती मुलगी मी नाही, आणि हे तुला कळल्याशिवाय मी ती किल्ली उचलली तर मग चोरायचं काहीच शिल्लक राहणार नाही. रविवारी मी त्स्वीला विरजणाचं सगळं सांगणार आहे, आणि ते सांगायला मला किती उशीर झाला तेही. तुझ्या उत्तराशी त्याचा संबंध नाही. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. माणसाकडेच जावं लागतं, असं तूच म्हणालीस. उद्या सकाळी बस सुरू झाल्या की पहिल्या बसने किर्यात गातला येते. पत्र तुझ्या हातात देईन आणि आत येणार नाही, जिन्यात उभी राहीन. मराठी वाचायला तुला वेळ लागतो आणि माझं अक्षरही धड नाही, तेव्हा घाई करू नकोस, चष्मा लावून सावकाश वाच. वाचून झाल्यावर दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर दुपारच्या बसने परत जाईन, आणि पुन्हा येईन.

तुझीच म्हणवण्याचा हक्क उरला असेल तर तुझीच,
अश्लेषा